स्फुरणाची साक्ष आणि समीक्षेचा आळस

निर्मितिप्रक्रियेची चर्चा निघाली की मराठी समीक्षा बव्हंशी कवीच्या साक्षीवर विसंबते. कविता ‘स्फुरली’ असे कवी म्हणतो आणि समीक्षक तेच निर्मितीचे कारण म्हणून नोंदवून मोकळा होतो. वस्तुतः स्फुरण हा एक अनुभव आहे आणि उलगडा व्हायला हवा तो त्याचाच.

या समजुतीचे आवडते उदाहरण म्हणजे कोलरिजची ‘कुब्ला खान’. १८१६ साली ती प्रसिद्ध करताना जोडलेल्या प्रस्तावनेत, गाढ निद्रेत दोनतीनशे ओळी आपोआप रचल्या गेल्या आणि आगंतुकाच्या व्यत्ययाने बहुतेक विरून गेल्या, असे त्याने सांगितले. १९३४ साली उजेडात आलेल्या हस्तलिखितावरील त्याच्याच टिपणात मात्र निद्रा नाही. अफूने आलेली तंद्री आहे. शिवाय त्या प्रतीतील काही शब्द छापील पाठाहून भिन्न आहेत. आयती लाभल्याचे सांगितलेली कविताही कवीने नंतर घासूनपुसून घेतली होती, असाच याचा अर्थ होतो.

मानसशास्त्राचा दाखलाही अर्धाच दिला जातो. कोहलरच्या १९१७ सालच्या ग्रंथातील, काठीने फळ ओढून घेणारा चिंपांझी आकस्मिक मर्मदृष्टीचा पुरावा ठरतो. परंतु काठ्यांचा सराव नसलेले बहुतेक चिंपांझी अशा प्रसंगी अडून बसतात आणि काही दिवस काठ्यांशी खेळू दिल्यावर तीच समस्या सोडवतात, हे बर्चने १९४५ साली दाखवले. मर्मदृष्टी क्षणात येते हे खरे; तिची सिद्धता मात्र आधीच झालेली असते.

यात प्रतिभेचे गूढ हरवते, असा आक्षेप भारतीय परंपरेच्या नावाने घेतला जाईल. पण मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींना मिळून काव्याचा हेतू मानले आणि ‘हेतू’ हा शब्द जाणीवपूर्वक एकवचनात योजला. तिन्ही मिळून कारण एकच. परंपरेचा हवाला देणाऱ्यांनी त्यातली शक्ती तेवढी उचलली. उरलेली दोन परीक्षेच्या टिपांपुरती राहिली.

प्रश्न केवळ सिद्धान्ताचा नाही. स्फुरण हेच कारण मानले की खर्डे, पाठभेद, खोडलेले शब्द, कवीचे वाचन यांना पुराव्याचे मोल उरत नाही आणि ते रद्दीत गेले तरी कोणाला हळहळ वाटत नाही. वर्गातला विद्यार्थीही एवढेच शिकतो की कविता ज्याला सुचते त्याला सुचते. कवीची साक्ष समीक्षेने जरूर नोंदवावी. परंतु खर्डे समोर ठेवून तिची उलटतपासणीही करावी. तोवर निर्मितिप्रक्रियेवरील आपले लेखन कवींच्या मुलाखतींचा गोषवाराच राहील.