उसने ज्ञान आणि घरचा विषाणू

मूलभूत संशोधन हा श्रीमंत राष्ट्रांचा षोक आहे. आपण त्यांचे तयार तंत्र विकत घ्यावे आणि आपला पैसा रस्ते, पाटबंधारे व शाळा यांवर खर्चावा, असा विचार आपल्याकडे वारंवार मांडला जातो. भांडवलाची टंचाई असलेल्या देशाने दुसऱ्याने लावलेला शोध स्वस्तात उचलला तर त्यात गैर ते काय, असे वरवर पाहणाऱ्यास वाटते. परंतु ज्ञान हे पाण्याच्या पंपाप्रमाणे कोठूनही आणावे आणि कोठेही चालवावे, हे या युक्तिवादातील गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे. हवाई बेटांवरील पपईची हकीकत या दृष्टीने उद्बोधक ठरेल.

पपईला ‘रिंगस्पॉट’ नावाच्या विषाणूची बाधा होते. पाने आक्रसतात, झाड खुरटते आणि फळांवर कड्यांसारखे डाग उमटतात. मावा ही कीड रोगट झाडाचा रस चाखून निरोगी झाडावर बसते न बसते तोच विषाणू पसरतो. त्यामुळे कीटकनाशकांच्या फवारणीचा फारसा उपयोग होत नाही. हवाईची जवळजवळ सर्व पपई ज्या ‘पुना’ जिल्ह्यात पिकत असे, तेथे हा रोग मे १९९२ मध्ये शिरला. त्या वर्षी तेथील उत्पादन सुमारे ५ कोटी ३० लक्ष पौंड होते. १९९८ पर्यंत ते निम्म्यावर आले. अनेक शेतकऱ्यांनी बागा सोडून दिल्या.

सुदैवाने उपायाची तयारी आधीच सुरू होती. हवाईत जन्मलेले डेनिस गोन्साल्व्हिस आणि त्यांचे कॉर्नेल व हवाई विद्यापीठांतील सहकारी १९८० च्या दशकापासून या प्रश्नावर काम करीत होते. विषाणूच्या बाह्य आवरणाचे जनुक त्यांनी पपईत घातले. ही झाडे रोगाला दाद देईनात. त्यांतूनच ‘रेनबो’ हा वाण सिद्ध झाला आणि १९९८ साली त्याचे बी शेतकऱ्यांना विनामूल्य वाटण्यात आले.

गंमत अशी की, हा उपाय नेमका का लागू पडतो, याचा उलगडा पुढे होत गेला. १९९० साली पेटुनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद व्हावा म्हणून शास्त्रज्ञांनी रंगाचे जादा जनुक घातले, तर उलट फुले पांढरी निघाली! १९९८ मध्ये अँड्र्यू फायर व क्रेग मेलो यांनी एका सूक्ष्म कृमीवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, दुपेडी आरएनए पेशीत शिरला की त्याच्याशी जुळणारे जनुक गप्प होते. या शोधास २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९९९ मध्ये हॅमिल्टन व बोलकोम यांना वनस्पतींमध्ये या क्रियेतील आरएनएचे चिमुकले तुकडे सापडले.

रिंगस्पॉटचा सारा वंशलेख आरएनएचाच असतो. तो वाढू लागला की दुपेडी आरएनए तयार होतो. वनस्पती त्याचे वीस-पंचवीस अक्षरांचे तुकडे करते आणि पोलिसाने गुन्हेगाराचे छायाचित्र खिशात बाळगावे तसे ते वापरते. तुकड्याशी जुळणारा आरएनए दिसला की तो कापून टाकते. विषाणूही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. हे तुकडेच निकामी करणारे प्रथिन तो बरोबर घेऊन येतो. रेनबो पपईत मात्र छायाचित्रे आधीच वाटलेली असतात. विषाणूला डाव साधण्यास अवधीच मिळत नाही.

खरा धडा येथेच आहे. छायाचित्र ज्याचे, तोच पकडला जाणार. तैवान व थायलंड येथील विषाणूंच्या अक्षरांचा क्रम हवाईतील विषाणूहून बराच निराळा असल्याने रेनबो पपई त्यांच्यापुढे टिकली नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पपईबागा याच रोगाने हैराण आहेत. परंतु भारतातील विषाणूचेही अनेक भेद आहेत. हवाईचे बी आणून खानदेशात लावले म्हणजे प्रश्न सुटला, असे होणार नाही. घरचा विषाणू घरच्याच प्रयोगशाळेत वाचावा लागेल, आणि तो बदलत राहतो म्हणून पुनःपुन्हा वाचावा लागेल.

हे काम बाजारपेठ करील काय? हवाईची पपई हे लहानसे पीक. त्यासाठी दहा-बारा वर्षे भांडवल गुंतविणे नफ्याच्या हिशेबात बसणारे नव्हते. म्हणूनच ते सार्वजनिक संस्थांना करावे लागले. शिवाय वापरलेल्या तंत्रांची पेटंटे अनेकांच्या हाती होती. त्यांचे परवाने मिळेपर्यंत तयार बीही वाटता आले नाही. ज्याच्याजवळ स्वतःचे ज्ञान नाही, त्याला वाटाघाटीत दुसऱ्याच्या अटी मान्य कराव्या लागतात, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको.

जनुकबदल केलेल्या पिकांविषयी समाजात शंका आहेत आणि त्या हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत. आपल्याकडे बीटी वांग्याला २०१० मध्ये स्थगिती मिळाली. जपाननेही रेनबो पपईला २०११ अखेरीसच दार उघडले. वनस्पतीच्या जनुकांना हात न लावता दुपेडी आरएनएची फवारणी करण्याचे प्रयोगही आता चालू आहेत. यांपैकी कोणता मार्ग स्वीकारावा, हा लोकशाहीत चर्चेने ठरविण्याचा विषय आहे. तथापि ‘नको’ म्हणण्यासाठीही स्वतःची परीक्षा लागते. परीक्षेवाचून दिलेला होकार जितका आंधळा, तितकाच नकारही.

२०२०-२१ मध्ये आपला संशोधन व विकासावरील खर्च देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता. या आकड्याची लाज वाटण्यापेक्षा त्याचा अर्थ समजून घेणे अधिक अगत्याचे आहे. कृषी विद्यापीठांतील वनस्पतिरोगशास्त्राच्या प्रयोगशाळा आणि तेथे चिकाटीने काम करणारी तरुण माणसे हीदेखील पाटबंधाऱ्यांइतकीच उत्पादक गुंतवणूक आहे. बी विकत आणता येईल. ते आपल्या शेतात का जगले वा का मेले, हे सांगणारा माणूस मात्र आपल्यालाच घडवावा लागेल.