विद्यापीठाचं बजेट, कर्मचाऱ्यांची नसलेली खुर्ची आणि गावाकडच्या पोरांचा निकाल

कोल्हापूर : निकाल कधी लागणार, मार्कशीटमधली चूक कधी दुरुस्त होणार, मायग्रेशन सर्टिफिकेट कधी मिळणार? जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांतल्या कॉलेजच्या पोरापोरींच्या तोंडी हे तीन प्रश्न कायम असतात. चंदगडच्या टोकाच्या गावातून शिवाजी विद्यापीठात यायचं म्हटलं तर अंतर शंभर किलोमीटरच्या वर. एका कागदासाठी दिवस मोडतो, एसटीचं भाडं जातं आणि शेतातली मजुरी बुडते ती वेगळी. काम झालं नाही की राग निघतो तो खिडकीपलीकडच्या माणसावर.

त्या माणसाची चूक कधी असते, कधी नसते. पण खिडकीपलीकडे किती माणसं बसणार, ती कायम असणार की कंत्राटी, हे तो ठरवत नाही. ते ठरतं विद्यापीठाच्या बजेटात आणि मंत्रालयाच्या मंजुरीत. आणि ज्या सभेत बजेटवर चर्चा होते, तिथं प्रशासकीय सेवकांनी मतदान करून पाठवलेला माणूस नसतो. २०२७ मध्ये या सभेची पुन्हा निवडणूक होणार आहे. म्हणून गावाकडच्या माणसानं आत्ताच हा विषय समजून घेतलेला बरा.

अधिसभा म्हणजे विद्यापीठाची ग्रामसभा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६ चा. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. या कायद्यानं अधिसभेला, म्हणजे सिनेटला, आर्थिक अंदाज आणि बजेटमधल्या तरतुदींसाठी प्रमुख अधिकार मंडळ मानलं आहे. समाजाला विद्यापीठाबद्दल काय वाटतं, हे सांगायची जागाही तीच. सोप्या भाषेत, गावाला जशी ग्रामसभा तशी विद्यापीठाला अधिसभा. रोजचा कारभार व्यवस्थापन परिषद बघते, पण हिशेब विचारायची जागा अधिसभा.

तिथं निवडून कोण जातं? संलग्न कॉलेजांचे १० प्राचार्य, ६ संस्थाचालक, १० शिक्षक आणि १० नोंदणीकृत पदवीधर. विद्यापीठातल्या विभागांच्या शिक्षकांनाही वेगळ्या जागा आहेत. कुलगुरू, अधिष्ठाता, वित्त व लेखा अधिकारी हे पदामुळे सदस्य असतात. काही सदस्य नेमलेले असतात.

क्लार्क, लॅब असिस्टंट, शिपाई, ग्रंथालयातला माणूस, परीक्षा विभागात रात्री थांबणारा कर्मचारी, यांचा मात्र निवडून देण्याचा स्वतंत्र मतदारसंघ नाही. शिक्षकांची 'सुटा' ही संघटना अधिसभेची निवडणूक लढवते, सभागृहात प्रश्न विचारते. सेवकांचीही संघटना आहे, पण तिचा आवाज निवेदनात, गेटवरच्या सभेत आणि शेवटी संपात ऐकू येतो. ग्रामसभेत बोलायला जागा नसेल तर माणूस पंचायतीच्या दारात बसतो, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या भागाला ही कल्पना काही परकी नाही. सहकारी संस्थांमध्ये 'सेवक प्रतिनिधी' हा शब्द जुना आहे. राज्यघटनेतही १९७६ च्या दुरुस्तीनं कलम ४३-अ आलं. कामगारांना उद्योगाच्या व्यवस्थापनात सहभाग मिळावा म्हणून राज्यानं पावलं उचलावीत, असं ते सांगतं. ते मार्गदर्शक तत्त्व आहे. त्याच्या जोरावर कोर्टात जाऊन खुर्ची मागता येत नाही, पण विचार तर घटनेतलाच आहे.

पैसा येतो कुठून, अडतो कुठं?

विद्यापीठाच्या पैशाचे ढोबळ मानानं दोन झरे आहेत. एक सरकारचा. मंजूर पदांवरच्या कायम कर्मचाऱ्यांचे पगार राज्य सरकार देतं. दुसरा विद्यापीठाचा स्वनिधी. त्यात परीक्षा फी, संलग्नता फी, वेगवेगळ्या दाखल्यांची फी येते. कायम माणूस निवृत्त झाला आणि सरकारनं पद भरायला परवानगी दिली नाही, की काम थांबत नाही. मग रोजंदारीवर, कंत्राटावर माणूस घ्यावा लागतो आणि त्याचा पगार जातो स्वनिधीतून. म्हणजे सरकारनं वाचवलेला पैसा शेवटी फीच्या रूपानं विद्यार्थ्याच्या, पर्यायानं शेतकरी बापाच्या खिशातून येतो.

आता हे दोन्ही झरे आटत चाललेत.

सरकारचा झरा बघा. २०२५-२६ च्या राज्याच्या बजेटात महसुली तूट ४५ हजार ८९१ कोटी रुपये दाखवली होती. एकट्या लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटींची तरतूद होती. योजना बरोबर की चूक हा वेगळा विषय. कितीतरी घरांत त्या पंधराशे रुपयांचा आधार आहे. पण तिजोरी एकच असते. हात आखडायची वेळ आली की पहिली कात्री नव्या पदभरतीला लागते. कारण न भरलेलं पद ओरडत नाही.

दुसरा झरा, फीचा. शिवाजी विद्यापीठाची हद्दच लहान होत आली आहे. १९६२ मध्ये विद्यापीठ झालं तेव्हा ती मोठी होती. २००४ मध्ये सोलापूरचं विद्यापीठ वेगळं झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे राहिले. २०२१ मध्ये साताऱ्यात रयतच्या कॉलेजांचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. कोल्हापुरातलं विवेकानंद कॉलेज स्वायत्त आहे, केआयटी इंजिनिअरिंग कॉलेज स्वायत्त आहे. स्वायत्त कॉलेज आपली परीक्षा आपण घेतं. त्यांच्यासाठी ते चांगलं असेल, पण विद्यापीठाचं परीक्षा फीचं उत्पन्न तेवढं कमी होतं. मागं उरतात ती बहुतेक ग्रामीण भागातली लहान कॉलेजं. भार त्यांचा आणि पैसाही त्यांच्याच पोरांचा.

त्यात सवलतींची भर आहे. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. निर्णय चांगलाच आहे, कितीतरी मुलींची शिक्षणं त्यामुळं थांबणार नाहीत. पण माफ केलेली फी सरकारनं संस्थेला वेळेवर भरून दिली तरच हिशेब जुळतो. उसाचं बिल थकलं की शेतकऱ्याचं जे होतं, तेच संस्थेचं होतं.

आणि काम मात्र वाढलंय. नवीन शैक्षणिक धोरण आलं, विषयांच्या जोड्या वाढल्या, क्रेडिटचा हिशेब आला. माणसं कमी आणि फायली जास्त, अशी गत आहे.

२०२३ च्या संपानं काय दाखवलं?

फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी २ तारखेपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि २० तारखेपासून बेमुदत संप केला. आश्वासित प्रगती योजनेचे रद्द झालेले शासन निर्णय परत लागू करा, १० वर्षं, २० वर्षं, ३० वर्षं सेवेनंतरचे लाभ द्या, सातव्या वेतन आयोगातून सुटलेल्या १,४१० विद्यापीठ कर्मचाऱ्यांना तो लागू करा, रिकामी पदं भरा, जुनी पेन्शन द्या, अशा मागण्या होत्या. राज्यभर विद्यापीठांच्या परीक्षा पुढं ढकलाव्या लागल्या. त्या वेळचे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील हे कोल्हापूर जिल्ह्यातलेच. त्यांच्यासोबत बैठका झाल्या, मग संप मिटला.

या मागण्यांत पगाराच्या मागण्या कर्मचाऱ्यांच्या होत्या, हे खरं. पण 'रिकामी पदं भरा' ही मागणी जेवढी त्यांची तेवढीच विद्यार्थ्यांचीही होती. ती चर्चेत मागं पडली. संपात हे असंच होतं. जे सभागृहात वर्षभर आकड्यांसह मांडता आलं असतं, ते गेटवर घोषणेत बसवावं लागतं. आणि संपाचा फटका बसला कुणाला? परीक्षेची तारीख हुकलेल्या पोराला.

कायद्यानं निकालाचीही मुदत घातली आहे. शेवटच्या पेपरपासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या पुढं जायचं नाही. हे पाळायला माणसं लागतात, ती कुठून आणायची हे मात्र कायदा सांगत नाही.

स्वयंसेवा कुठं संपते, फुकट राबणं कुठं सुरू होतं?

माणसं कमी पडली की 'स्वयंसेवा' हा शब्द पुढं येतो. सुट्टीच्या दिवशी या, थोडं थांबून काम उरका, संस्था आपलीच आहे, श्रमदान समजा.

श्रमदान हा शब्द या मातीत पवित्र आहे. 'कमवा आणि शिका' चालवणारे कर्मवीर भाऊराव पाटील हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचे. शिवाजी विद्यापीठातही कमवा आणि शिका योजनेनं गरीब घरची कितीतरी पोरं शिकून पुढं गेली. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या पुढं गेली. पाणी ओसरल्यावर शिरोळ, करवीरमधल्या घरांत गुडघाभर गाळ होता. तेव्हा राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं खोरी घेऊन उतरली. कर्मचाऱ्यांनी अशा वेळी एक दिवसाचा पगार द्यायचा, ही रीतही राज्यात जुनी आहे. त्याचा कुणी हिशेब मागत नाही आणि मागूही नये.

पण पूर ही आपत्ती आहे, रिकामं पद ही आपत्ती नाही. ते कुणीतरी रिकामं ठेवलेलं असतं. पुरात धावून जाणं माणूस स्वतः ठरवतो. साहेबांनी सांगितलं म्हणून रविवारी येऊन टेबल उपसणं, ही स्वयंसेवा नव्हे. कंत्राटी माणूस 'नाही' म्हणू शकत नाही, कारण पुढचं कंत्राट त्याच साहेबाच्या सहीवर असतं. नाही म्हणायची सोय नसेल तर त्याला दान म्हणता येत नाही.

यात आणखी एक विसंगती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम असतं आणि नव्या धोरणात अशा कामाला क्रेडिटही मिळतं. म्हणजे पोराच्या सेवेची नोंद होते. कर्मचाऱ्याच्या जादा तासांची होत नाही. नोंद नाही म्हणून ते बजेटात दिसत नाहीत. बजेटात दिसत नाहीत म्हणून पदं मागायला पुरावा नाही. फुकट केलेलं काम शेवटी स्वतःच्याच मागणीवर पाणी फिरवतं.

या शब्दाचा खेळ गावानं आशाताईंच्या बाबतीत बघितलाय. कागदावर त्या स्वयंसेविका, म्हणून पगार नाही, मानधन. काम मात्र गरोदर बाईच्या नोंदीपासून कोरोनाच्या सर्व्हेपर्यंत सगळं. वाढीव मानधनासाठी त्यांना २०२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या आझाद मैदानात बसावं लागलं, तेव्हा मार्चमध्ये मंत्रिमंडळानं पाच हजारांची वाढ मंजूर केली.

खुर्ची मिळाली की प्रश्न सुटतो का?

तेवढ्यानं नाही. स्कॉटलंडमध्ये आपल्यासारखाच २०१६ मध्ये विद्यापीठ कारभाराचा कायदा झाला. तिथं विद्यापीठाच्या नियामक मंडळावर कर्मचाऱ्यांनी निवडलेले दोघे असतात, शिवाय शिक्षकांच्या संघटनेचा एक आणि शिक्षकेतरांच्या संघटनेचा एक. तरीही तिथल्या डंडी विद्यापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मोठी तूट जाहीर केली आणि २०२५ मध्ये सहाशेच्या वर पदं कमी करायचा प्रस्ताव आला. पुढं झालेल्या चौकशीत कारभारावरच ठपका आला. खुर्ची असून पैशाची खरी माहिती वेळेवर समोर आली नाही, तर खुर्ची शोभेची राहते. म्हणून मागणी दोन्हीची हवी, जागेची आणि माहितीची.

'त्यांना पगार आहे, आम्हाला काय?'

गावात हा सवाल हमखास येतो आणि तो चुकीचा नाही. दुधाला दर नाही, उसाच्या दरासाठी दर हंगामात रस्त्यावर उतरावं लागतं, मग सातवा वेतन आयोग घेणाऱ्याची बाजू आपण का घ्यायची?

बाजू घ्यायचीच असं नाही, पण हिशेब समजून घ्यायला हवा. कायम पगार घेणारे निवृत्त होत चाललेत. त्यांच्या जागी कंत्राटावर जी पोरं बसतात ती राधानगरी, भुदरगड, पन्हाळ्याच्या गावांतलीच आहेत. पद भरलं तर नोकरी गावात येणार. नाही भरलं तर फी वाढणार आणि निकाल लांबणार. दोन्ही गोष्टी गावाच्याच.

जागा मागणाऱ्यांनी जबाबदारीही घ्यायला हवी. राज्यात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत, हे ठरवून देण्याचं तत्त्व त्यात आहे. मार्कशीट दुरुस्ती, डिग्री, मायग्रेशन यांच्या मुदतीवर सेवकांचा प्रतिनिधी अधिसभेत उत्तर देणार असेल, तर त्याच्या खुर्चीला गावाचाही पाठिंबा मिळेल.

गावाच्या हातात काय आहे?

स्वतंत्र मतदारसंघासाठी कायदा बदलावा लागेल आणि ते काम विधिमंडळाचं. आमदारांना हा प्रश्न विचारता येतो. पण तोवर पदवीधरांच्या दहा जागा आहेत. त्यातल्या पाच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांच्यासाठी राखीव आहेत. गावागावांत शिवाजी विद्यापीठाचे पदवीधर आहेत. कुणी शेती करतंय, कुणी दुकान चालवतंय. पण डिग्री मिळाली म्हणून नाव आपोआप यादीत येत नाही, पदवीधर मतदार म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. मागची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. मुदत पाच वर्षांची. नोंदणी सुरू झाली की मोबाईलवरून अर्ज भरायचा आणि मत मागायला येणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे :

१. मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि कंत्राटी माणसांचा पगार कुठल्या निधीतून जातो?

२. गेल्या वर्षी किती निकाल ४५ दिवसांच्या आत लागले?

३. कर्मचाऱ्यांच्या जादा तासांची नोंद ठेवली जाते का आणि ती अधिसभेपुढं मांडणार का?

तिन्हीची उत्तरं देणारा उमेदवार कुठल्या पॅनेलचा आहे, हा नंतरचा प्रश्न.