पाणमोट फुटली, कळा नाहीत?

"कळा येऊ देत, मग निघू," असे गोवंडीतल्या घराघरांत अजून ऐकतो. माझे मत स्पष्ट आहे: वाट पाहायचीच तर घरी नको. पाणी गेल्याची वेळ लक्षात ठेवा, स्वच्छ घडी घ्या आणि शताब्दी असो वा नाव घातलेले दुसरे रुग्णालय, लगेच गाठा.

दिवस भरलेले असतील तर तपासणीनंतर पर्याय दोन: कळांची थोडी वाट पाहणे किंवा औषधाने त्या आणणे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या, ५,०४१ स्त्रियांच्या अभ्यासात दोन्हींत सिझेरियनचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले. सलाइनमधून लगेच कळा आणलेल्या मातांना जंतुसंसर्ग मात्र कमी झाला. तेव्हा सलाइनला घाबरू नका. डॉक्टरांना दोन्ही पर्याय विचारा.

पाणी हिरवट वा दुर्गंधीयुक्त असेल, ताप आला, रक्त गेले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर मात्र थांबणे नाहीच.