न उघडणारी फाइल

डिसेंबरात आमच्या भाचीचा निकाह चिपळूणला झाला. खुतबा आणि ईजाब-कबूल काझीसाहेबांनी पार पाडलं, दुआ मात्र सगळ्यांच्या आग्रहामुळे आमच्या अब्बांनी केली. वय चौऱ्याऐंशी, आवाज थकलेला, पण त्यांनी एकेका घराचं नाव घेऊन दुआ मागितली. चित्रण आमच्या चिरंजीवांकडे होतं. बाहेरचा व्हिडिओवाला बोलवायचा नाही हे घरातल्या बायकांनी आधीच ठरवलं होतं, कारण मेहंदीची संध्याकाळही त्याच कार्डावर येणार होती.

फेब्रुवारीत अब्बा अल्लाहला प्यारे झाले. चाळीस दिवसांनी अम्मी म्हणाल्या, "ती दुआ ऐकवा रे." तेव्हा पहिल्यांदा कळलं की ती फाइल उघडतच नाही.

या सदरात आम्ही एरवी मिक्सर आणि इन्व्हर्टरबद्दल लिहितो. या वेळी कॅमेऱ्याबद्दल, कारण घरोघरी आता पोरांच्या हातात कॅमेरे आहेत आणि असा प्रसंग कोणावरही येऊ शकतो.

झालं होतं असं: बॅटरी पुरणार नाही म्हणून मुलाने बॅटरी काढून कॅमेरा भिंतीतल्या प्लगवर अडॅप्टरने चालवला होता. दुआ चालू असताना हॉलची वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण कॅमेरा त्याआधीच बंद पडला होता. बॅटरी संपत आली तर कॅमेरा स्वतःहून रेकॉर्डिंग थांबवतो आणि फाइल नीट बंद करतो. वीज अचानक तुटली तर त्याला ती सवड मिळत नाही. मुलाने तेव्हा नवी फाइल सुरू केली आणि जुनीकडे पाहायचं राहून गेलं. लग्नघर होतं, आम्ही त्याला बोल लावला नाही.

बाजारातल्या एका दुकानात कार्ड नेलं. तिथला माणूस म्हणाला, कार्ड बिघडलंय, रात्रभर ठेवून जा, फॉरमॅट करून पाहतो. आम्ही कार्ड परत घेतलं. एक तर फॉरमॅट हा उपाय नव्हे, कार्डावरची जागा नव्याने मोकळी समजण्याची ती तयारी असते. दुसरं, त्यावर आमच्या सुना-लेकींचं मेहंदीचं चित्रण होतं आणि दुकानात ते कोण पाहील याचा भरवसा कोणी द्यायचा? दुकानदार भला असेलही. पण घरच्या बायकांनी ज्या अटीवर कॅमेऱ्यासमोर बसायचं कबूल केलं होतं, ती अट आमची होती, त्याची नव्हे.

घरी पहिलं काम केलं ते कार्डाच्या कडेची छोटी कळ 'लॉक'कडे सरकवण्याचं. म्हणजे संगणक त्यावर काही लिहू शकत नाही. फोनमध्ये जातं ते बारीक कार्ड असेल तर त्याला अशी कळ नसते, ती त्याच्या अडॅप्टरला असते. मग सगळं कार्ड जसंच्या तसं वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवलं आणि पुढचे सगळे प्रयोग त्या नकलेवर केले. (फाइल चुकून पुसली गेली असेल तरी सुरुवात हीच. पुसल्यावर आधी फक्त तिची नोंद जाते, मजकूर लगेच जात नाही, पण त्यावर नवं काही चित्रित केलंत तर तोही जातो. त्यासाठी 'फोटोरेक' हा मोफत प्रोग्राम आहे. मोठे व्हिडिओ कार्डावर तुकड्यांत पसरलेले असतील तर त्याच्या हाती अर्धवट लागतात, एवढं धरून चालावं.)

आमची फाइल पुसली गेली नव्हती. ती दिसत होती, आकार 3.6 जीबी. इथेच आम्हाला धीर आला. कॅमेरा सेकंदाला 50 मेगाबिटवर लावलेला होता, म्हणजे सव्वासहा मेगाबाइट. दहा मिनिटांचे पावणेचार जीबी होतात. तेव्हा 3.6 जीबी म्हणजे साडेनऊ मिनिटांच्या आसपासचं चित्रण आत असलंच पाहिजे. रिकामी फाइल एवढी जड नसते.

मग उघडत का नाही? एमपी4 फाइल ही एखाद्या जमाखर्चाच्या वहीसारखी समजा. कॅमेरा पानं भरत जातो आणि कोणत्या पानावर काय आहे याची अनुक्रमणिका अगदी शेवटी, थांबण्याचं बटण दाबल्यावर लिहितो. पाहणारा प्रोग्राम आधी तीच शोधतो. ती नसेल तर पानं भरलेली असूनही तो वही हातात घेत नाही.

'अनट्रंक' नावाचा एक मोफत प्रोग्राम ही अनुक्रमणिका पुन्हा तयार करतो. त्याला त्याच कॅमेऱ्यातली एक धडधाकट फाइल दाखवावी लागते, तिची मांडणी पाहून तो मोडक्या फाइलमधली चित्रं आणि आवाजाचे तुकडे ओळखतो. विंडोजसाठी त्याची बटणांची आवृत्ती मिळते, काळ्या खिडकीत आज्ञा लिहीत बसावं लागत नाही.

पहिल्या प्रयत्नात चित्र हिरवट चौकोनांचं आणि आवाज खरखरीचा आला. मुलगा खचला. दोन दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की नमुना म्हणून त्याने मेहंदीची फाइल दिली होती आणि ती सेकंदाला 50 चित्रांवर घेतलेली होती. दुआ होती 25 वर. कॅमेरा तोच असून भागत नाही, मांडणीही तीच लागते. मग ईजाब-कबूलची फाइल नमुना दिली आणि नऊ मिनिटं एकतीस सेकंद मिळाली. वीज जाण्याआधीचे शेवटचे काही क्षण कॅमेऱ्याच्या आतल्या स्मृतीतच होते, कार्डापर्यंत पोहोचले नव्हते. ते गेले ते गेले.

उरलेली दुआ आमच्या मोठ्या भाभींच्या फोनमध्ये निघाली. बायकांच्या बाजूने, दारातून त्यांनी सगळी दुआ घेतली होती. पण ती संपादनाच्या प्रोग्राममध्ये टाकली तर सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळत, शेवटाकडे अब्बांचे ओठ एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. इथे आमचा एक आडाखा वाचकांनी लिहून ठेवावा. आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच मागेपुढे असेल तर तो नुसता सरकवायचा. फरक वाढत जात असेल तर सरकवून काही होत नाही, दोष वेगाच्या हिशेबात असतो. फोन सेकंदाला ठरावीक चित्रं घेत नाही. उजेड कमी झाला की चित्रं कमी करतो, फोन तापला तरी करतो. संपादनाचे बरेच प्रोग्राम मात्र ठरावीक संख्या धरून चालतात. 'हँडब्रेक' या मोफत प्रोग्राममधून तो व्हिडिओ एकदा काढला, त्यात चित्रांचा दर 'कॉन्स्टंट' निवडला, आणि ओठ-शब्द शेवटपर्यंत जुळले.

दुसरी अडचण प्रोग्रामची नव्हती. वीज आल्यावरच्या चित्रात कडेला मुलाकडच्या दोन बायका दिसत होत्या. फोनचं चित्रण 3840 बाय 2160 चं होतं आणि आम्ही व्हिडिओ बनवत होतो 1920 बाय 1080 चा, म्हणजे दोन्ही बाजूंनी निम्मा. त्यामुळे चित्र दुप्पट मोठं करून कड कापली तरी ते फिसकटलं नाही. तरीही भाचीकरवी त्या दोघींना विचारून घेतलं.

हॉलच्या ट्यूबलाइटमुळे चित्रावर पट्टे सरकताना दिसतात, ते मात्र पूर्ण घालवता आले नाहीत. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं असतं तर पट्टे आलेच नसते. हे आधी करायचं काम आहे. आणि मध्येच एका संध्याकाळी संपादनाच्या पडद्यावर सगळं लाल होऊन 'मीडिया ऑफलाइन' आलं, तेव्हा घरात रडारड व्हायची बाकी होती. काही गेलं नव्हतं. धाकटीने हार्ड डिस्कवरच्या फोल्डरचं नाव बदललं होतं. जुनं नाव दिलं, सगळं परत आलं.

वीज गेली तिथे फोनच्या चित्रात काही सेकंद नुसता अंधार आहे. अंधारात अब्बा थांबले नाहीत, आणि आमीन म्हणणारे आवाज उलट मोठे झाले. मुलगा म्हणाला, इथे निकाहचा एखादा फोटो टाकू का? अम्मींनी नको म्हटलं. अंधार तसाच ठेवला आहे.

फाइलच्या तीन नकला केल्या, एक बहिणीकडे चिपळूणला. जुन्या व्हीएचएस कॅसेटींना बुरशी लागल्याबद्दल दोन भगिनींची पत्रं आली आहेत. त्याबद्दल पुढच्या अंकात लिहू. तोवर कृपा करून त्या कॅसेटी व्हीसीआरमध्ये घालू नका.