नावडतीचें मीठ

“नावडतीचें मीठ अळणी” ही म्हण स्वयंपाकघरांत जन्मास आली असली, तरी तिचा अंमल चुलीपुरताच नाहीं, हें आम्हांस उतारवयांत संगणकावरील एका खेळानें शिकविलें. आमच्या वयाचा गृहस्थ व्हिडिओ गेम खेळतो हें वाचून कांहीं वाचकांच्या भुंवया उंचावतील. त्यांस इतकेंच सांगणें कीं, आमचे वडील ज्या गोडीनें बुद्धिबळाचा पट मांडीत, त्याच गोडीनें आम्ही हा पट मांडतों. फरक एवढाच कीं, आमच्या पटावर मोहऱ्यांच्या ऐवजीं नगरें असतात.

हा खेळ म्हणजे ‘सिव्हिलायझेशन’. त्याचा पहिला भाग १९९१ सालीं निघाला व सहावा ऑक्टोबर २०१६ मध्यें. खेळणारानें एका राष्ट्राचें नेतृत्व घ्यावयाचें, षट्कोनी घरांच्या नकाशावर नगरें वसवावयाचीं, आणि प्राचीन काळापासून अवकाशयुगापर्यंत आपलें राष्ट्र न्यावयाचें, असा त्याचा साधारण घाट आहे. या सहाव्या भागास फेब्रुवारी २०१८ मध्यें ‘राइझ अँड फॉल’, म्हणजे उदय आणि ऱ्हास, या नांवाची पुरवणी निघाली. मूळ खेळांत भारताचे नेते म्हणून गांधीजी होते. पुरवणीनें त्यांच्या जोडीस चंद्रगुप्त मौर्यहि आणून बसविला.

ही पुरवणी आमच्या पुतण्यानें शिकवणीच्या पहिल्या मिळकतींतून आमच्या वाढदिवसास दिली. “काका, आतां खरी गंमत येईल, बघा,” असें म्हणून तो आमच्या शेजारीं खुर्ची ओढून बसला.

मूळ खेळांत आमची एक जुनी खोड होती. शेजारच्या राजाच्या अगदीं उंबरठ्याशीं, एखाद्या सुपीक नदीकांठीं, आपलें एक नगर वसवून द्यावयाचें, आणि मग त्याकडे ढुंकूनहि पाहावयाचें नाहीं. एकदां आपलें म्हटलें तें कायमचें आपलें! पुरवणीच्या पहिल्याच संध्याकाळीं असें वसविलेलें नगर थोड्याच पाळ्यांत बंड करून स्वतंत्र झालें आणि पुढें शेजाऱ्यास जाऊन मिळालें. ना लढाई, ना वेढा. पाठोपाठ आमचें राष्ट्र अंधारयुगांत गेल्याची द्वाही फिरली. आम्ही संतापलों. “ज्याला मूळ खेळ नीट खेळतां येत नाहीं, त्यालाच असल्या भानगडी आवडायच्या,” असें बोलून गेलों आणि पुरवणी बंद करून टाकली. पुतण्या कांहीं बोलला नाहीं. खुर्ची मात्र त्यानें जागेवर नेऊन ठेवली, आणि त्यानंतर तो आमचा खेळ पाहावयास कधीं बसला नाहीं. २०२१ सालीं नोकरीनिमित्त तो बंगळुरास गेला.

गेल्या पावसाळ्यांत पाय मुरगळून आम्ही तीन आठवडे घरांत अडकलों. मूळ खेळ इतक्यांदा जिंकून झाला होता कीं, निम्म्यावर आल्यावर पुढचें सारें ठाऊकच असे. केवळ कंटाळ्यापोटीं ती पुरवणी पुन्हा लावली, आणि या खेपेस नियम आधीं वाचले. तेव्हां कळलें कीं, आमच्या नगरानें बंड केलें तें खेळाच्या लहरीनें नव्हे. प्रत्येक नगराची निष्ठा शंभरांत मोजली जाते. नऊ घरांच्या आंतील सारी वस्ती त्या नगरास आपापल्या राष्ट्राकडे ओढीत असते, आणि जवळची वस्ती दूरच्या वस्तीपेक्षां अधिक जोरानें ओढते. निष्ठा शून्यावर आली कीं नगर गेलें. आम्हीं तें परक्यांच्या गर्दींत एकटें सोडलें होतें. तें राहिलें असतें तरच नवल.

यावर उपायहि त्याच पुरवणींत होता. खेळणारास एकंदर सात सुभेदार मिळूं शकतात. त्यांपैकीं एखादा नगरांत जाऊन स्थिरावला, कीं तेथील निष्ठेस दर पाळीस आठ गुणांचा टेकू मिळतो. परंतु एक सुभेदार एका वेळीं एकाच नगरांत राहतो. तेव्हां कोणतें नगर सांभाळावयाचें आणि कोणतें दैवावर सोडावयाचें, हें आपणांस ठरवावें लागतें. आम्हांस राग आला होता तो बहुधा या ठरविण्याचाच.

अंधारयुगाचीहि तीच कथा. एका युगांत राष्ट्राच्या हातून संस्मरणीय गोष्टी पुरेशा घडल्या नाहींत, तर पुढील युग अंधाराचें येतें आणि आपल्या वस्तीची ओढ निम्म्यानें घटते. आम्ही ती निव्वळ शिक्षा समजलों होतों. परंतु त्या काळापुरतीं कांहीं खास धोरणें हातीं येतात, एका हातानें देणारीं व दुसऱ्या हातानें घेणारीं. आणि अंधारयुगांतून जो थेट सुवर्णयुग गांठतो, त्याचें तें युग वीरयुग ठरतें. सुवर्णयुगांत एक संकल्प निवडतां येतो, वीरयुगांत तीन. जो अंधारांतून गेलाच नाहीं, त्यास हें भाग्य लाभत नाहीं. त्या तीन आठवड्यांत आमचीं दोन नगरें गेलीं व एक परत आलें. शेवटपर्यंत डाव कोणाचा, हें सांगवेना. जेवणाच्या पानावर येण्यासाठीं आमच्या कुटुंबास दोन दोनदां हांक मारावी लागे.

पुरवणींत सारेंच गोड आहे असें नव्हे. एखाद्या राष्ट्राच्या आगळिकीविरुद्ध इतरांनीं एकवटावयाचें, असा ‘आणीबाणी’चा जो प्रकार तींत आहे, तो आम्हांस अजूनहि ओढूनताणून आणलेला वाटतो. परंतु ही नावड चाखून ठरलेली आहे. पहिली तशी नव्हती.

पाय बरा होण्याआधींच आम्हीं पुतण्यास फोन केला. “त्या दिवशीं मी बोललों तें चुकलें. तुझी पुरवणी चांगली आहे,” एवढेंच म्हटलें. तिकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, “काका, पहिला सुभेदार कुठें ठेवलात?” त्यानंतर अर्धा तास आम्ही दोघे बोलत होतों. दिवाळींत तो चार दिवस घरीं आला, तेव्हां खुर्ची आम्हींच ओढून ठेवली होती.

वाचकांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाहीं. इतकेंच सुचवितों कीं, घरांतील तरुणांनीं हौसेनें आणलेली एखादी वस्तु आपण पहिल्या घासालाच अळणी ठरवून माळ्यावर टाकली असेल, तर ती एकदां खालीं काढून पाहावी. मीठ बहुधा तींत होतेंच.