दिवाळीचा किल्ला आणि लेकीचा प्रश्न

गेल्या दिवाळीत माझ्या लेकीने पहिल्यांदा किल्ला बांधला. ती सहावीत आहे. आम्ही कोंढव्यात राहतो, पण शनिवारी-रविवारी तिचा एक क्लास सदाशिव पेठेत असतो. क्लासमधली तिची मैत्रीण नागनाथ पाराजवळच्या एका जुन्या इमारतीत राहते. तिथली पोरं दरवर्षी अंगणात किल्ला करतात. "हिलाही राहू द्या ना काका, माती कालवायला माणूस कमी आहे," असं त्या मैत्रिणीने मला सांगितलं आणि माझी लेक कामाला लागली.

पुण्यातल्या पालकांना हे सगळं ठाऊक आहे. विटा, दगड, जुनी पोती, त्यावर चिखल, मग गेरू. हिरवळीसाठी अळीव पेरायचे आणि रोज उठून उगवले का बघायचे. शेवटी मंडईतून आणलेले मातीचे मावळे आणि सिंहासनावर शिवाजी महाराज. चार दिवस लेक कोपरापर्यंत चिखलात होती. मैत्रिणीची आजी तिला चिवडा द्यायची, आणि घरी आल्यावर तिची अम्मी कपडे बघून डोक्याला हात लावायची.

त्याच दिवसांत शनिवारवाड्याची बातमी आली. वाड्यात काही बायका नमाज पढतानाचा व्हिडिओ फिरला. रविवारी, १९ ऑक्टोबर २०२५ रोजी, राज्यसभेच्या एका खासदार कार्यकर्त्यांना घेऊन तिथे गेल्या आणि जागेवर गोमूत्र शिंपडून शुद्धीकरण झालं. दुसऱ्या दिवशी ते प्रत्येक मोबाइलवर होतं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर होतं, सोसायटीच्या ग्रुपवर होतं आणि शाळेच्या पालकांच्या ग्रुपवरही होतं. त्या शेवटच्या ग्रुपवर कोणी हात जोडले होते, कोणी अंगठा दाखवला होता, आणि बरेच जण गप्प होते. त्यांत मीही होतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हे वाचणाऱ्या आपल्या लोकांनाही ती ऐकायला हवी. शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे. तिथे नमाज पढायला नको होती. नमाजची वेळ झाली तर पुण्यात मशिदी कमी नाहीत, आणि जिथे नियम आहे तिथे तो पाळणं हे आपलं काम आहे. खात्याने तक्रार दिली, पोलिसांनी गुन्हा नोंदवला. नियम मोडला तर एवढंच व्हायला हवं, आणि ते प्रत्येकाच्या बाबतीत व्हायला हवं.

पण शुद्धीकरण ही नियम मोडल्याची शिक्षा नाही. चुकीच्या जागी गाडी लावली तर दंड होतो, रस्ता कोणी गोमूत्राने धूत नाही. शुद्धीकरण म्हणजे 'तू काय केलंस' हा प्रश्न सोडून 'तू कोण आहेस' यावर दिलेला निकाल. महाराष्ट्राला हा शब्द नवा नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे लोक महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले, आणि नंतर तिथल्या सवर्णांनी ते तळं 'शुद्ध' करून घेतलं. पाणी तेच होतं. ते प्यायले कोण, एवढाच त्यांचा आक्षेप होता.

हे सगळं मला सुचलं ते नंतर. त्या सोमवारी रात्री लेकीने एवढंच विचारलं, "अब्बा, मे महिन्यात आपण शनिवारवाड्यात गेलो होतो. माझ्या हातून तिथे सरबत सांडलं होतं. आपण गेल्यावर पण त्यांनी ती जागा धुतली असेल का?"

मी "नाही गं" म्हणालो. तिची अम्मी म्हणाली, "उद्या नको पाठवू या हिला पेठेत. चार दिवस जाऊ देत." माझ्याही मनात तेच होतं. आपल्या घरांत हे नेहमीचं झालंय. काही घडलं की आपण मुलांना आधी घरात घेतो. कुठे स्फोट झाला की टीव्हीवर नावं कळेपर्यंत जीव टांगणीला लागतो. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ माणसं मारली गेली, त्यांत आपल्या पुण्याचेही होते. त्या दिवशी आम्ही रडलो, आणि रडतानाच मुलांना सांगून ठेवलं की उद्या शाळेत कोणी काही बोललं तर उलट बोलू नका. पर्यटकांना वाचवायला गेलेला आदिल हुसेन शाह हा घोडेवालाही त्यांत मारला गेला, हे कळल्यावर मला दुःखाबरोबर थोडं हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आजही लाज वाटते. एका माणसाच्या मरणाचं मी प्रमाणपत्र करून खिशात ठेवलं होतं.

लेकीला उत्तर देताना मी नेमकं तेच केलं. तिला म्हणालो, "सदाशिव पेठ कोणाच्या नावाने आहे माहीत आहे? सदाशिवरावभाऊंच्या. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊंचा तोफखाना कोणाच्या हाती होता? इब्राहिमखान गारद्याच्या. तो मुसलमान होता. समोर अब्दाली होता, तोही मुसलमान. पण इब्राहिमखान भाऊंच्या बाजूने शेवटपर्यंत लढला, जखमी होऊन पकडला गेला आणि शत्रूच्या छावणीत त्याचा जीव गेला. पेठेवर भाऊंचं नाव आहे ना, मग त्यात आपलाही वाटा आहे."

लेकीने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तो पळून गेला असता तर?"

मला उत्तर सुचलं नाही. कारण तिने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. अडीचशे वर्षांपूर्वीचा एक माणूस फितूर झाला असता, तर माझ्या मुलीचा अंगणातल्या चिखलावरचा हक्क कमी झाला असता का? आणि तो निष्ठावान होता म्हणून तो हक्क तिला मिळाला आहे का? शेजारच्या पोरांना असं कोणाचं नाव दाखवावं लागत नाही.

शिवाय इतिहास अशा हिशेबात बसतही नाही. गारदी हाच शब्द शनिवारवाड्यात १७७३ साली पुन्हा येतो. ३० ऑगस्टला नारायणराव पेशव्यांचा खून झाला तो गारद्यांच्या हातून. त्यांत सुमेरसिंग होता, तसा महंमद इसफही होता. पेशव्यांच्या घरचाच नोकर तुळाजी पवारही त्यांत होता, आणि कट होता तो घरातल्या भाऊबंदकीतून. पानिपतावर मेलेला गारदी आणि वाड्यात खून करणारा गारदी, दोघांचाही धर्माने खुलासा होत नाही.

हे सगळं आपल्याला कळतं कशावरून? याच सदाशिव पेठेत बसून काम केलेल्या माणसांमुळे. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ इथेच आहे. राजवाड्यांनी दारोदार फिरून जुनी पत्रं जमवली. ग. ह. खरे यांनी फारसी शिकून 'ऐतिहासिक फारसी साहित्य'चे खंड संपादित केले. 'त्यांची भाषा' म्हणून त्यांनी ती बाजूला ठेवली नाही. मराठ्यांचा इतिहास समजून घ्यायचा तर फारसी यायला हवी, इतकी साधी गोष्ट होती ती. सदाशिव पेठ म्हटलं की आपल्यातले काहीजण नाक मुरडतात. जागा बघायला गेल्यावर आडनाव ऐकून 'कालच दिली हो' असं मीही ऐकलंय, आणि ते विसरलेलो नाही. पण खऱ्यांची पेठही हीच आणि चिवडा देणाऱ्या आजींची पेठही हीच. पेठेला एका रंगात रंगवलं, तर आपल्याबद्दल जे केलं जातं तेच आपण करू.

मंगळवारी सकाळी मैत्रिणीच्या आईचा फोन आला. बुरूज ढासळला होता आणि तो लेकीनेच रचलेला असल्यामुळे तिनेच येऊन दुरुस्त करावा, असा पोरांचा निरोप होता. बातमीबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, मीही नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाली, "जुने कपडे घालून जा."

मला वाटतं, आपल्या मुलांना द्यायचं उत्तर त्यात आहे. इब्राहिमखानाची गोष्ट सांगावी, जरूर सांगावी, पण इतिहास म्हणून. ओळखपत्र म्हणून ती हातात देऊ नये. ओळखपत्र घेऊन वाढलेलं मूल ते कोणीतरी मागेल म्हणून सतत तयारीत राहतं. त्यापेक्षा बुरूज पडला की मातीत हात घालणारं मूल बरं. ते तिथलंच असतं, कारण तिथे त्याचं काम असतं. आणि जो बाप पालकांच्या ग्रुपवर गप्प बसला, त्यानेही थोडं बोलायला शिकलं पाहिजे. मी उशिरा का होईना, चार ओळी लिहिल्या: नियम सर्वांना सारखे हवेत, पण माणसांच्या जाण्याने जागा विटाळत नाही. तिघांनी खासगीत 'बरोबर आहे' म्हणून कळवलं. ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही.

आता रमजान ईद जवळ आली आहे. किल्ला करणाऱ्या सगळ्या टोळीला शीरखुर्म्यासाठी घरी बोलवायचं लेकीने ठरवलंय. काल यादी करता करता थांबली आणि म्हणाली, "अब्बा, त्यांच्या घरचे कोंढव्याला पाठवतील ना?"

मी म्हणालो, "तू बोलाव तर खरं."