सही कोणाची चालते, हे आधी पाहा

बारावीचा निकाल लागला की क्लासवाल्यांच्या जाहिरातींना ऊत येतो. सी.ए. करा, सी.एम.ए. करा, ए.सी.सी.ए. करा आणि लाखोंचे पॅकेज मिळवा, असे फलक आता तालुक्याच्या एस.टी. स्टँडपर्यंत पोहोचले आहेत. ज्या घरात बापाने हमाली केली, आईने धुणीभांडी केली आणि पहिलीच पिढी कॉलेजची पायरी चढत आहे, त्या घराला या इंग्रजी अक्षरांतला फरक समजावून सांगणारे कोणी नसते. मग जो गोड बोलतो त्याच्याकडे पैसे भरले जातात. चार वर्षे आणि बचत गटाचे कर्ज संपल्यावर कळते की, हाती आलेल्या कागदाला आपल्याला हवी होती ती किंमत नाही. ही फसगत टाळायची असेल तर पॅकेजचे आकडे बाजूला ठेवून पहिला प्रश्न विचारला पाहिजे : या पात्रतेच्या सहीला आपल्या देशाच्या कायद्यात काय अधिकार आहे?

सनदी लेखापाल म्हणजे सी.ए. ही संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली. कंपनीचे वैधानिक लेखापरीक्षण आणि प्राप्तिकरासाठी लागणारे लेखापरीक्षण यांवर सही करण्याचा अधिकार सी.ए.लाच आहे. परिव्यय लेखापालांची संस्था १९५९ च्या कायद्याने आली. आपले जुने लोक तिला आय.सी.डब्ल्यू.ए. म्हणतात, २०१२ पासून तिचे सभासद सी.एम.ए. लावतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १४८ नुसार ठरावीक उद्योगांना उत्पादन खर्चाचे लेखापरीक्षण करावे लागते, तेथे सही सी.एम.ए.ची चालते. कंपनी सचिव म्हणजे सी.एस. हा १९८० च्या कायद्याने उभा राहिलेला व्यवसाय. त्यात हिशेबापेक्षा कायद्याचा भाग मोठा. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि १० कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना पूर्णवेळ सचिव नेमणे बंधनकारक आहे. या तिन्ही सह्यांच्या पाठीशी संसदेचा कायदा उभा आहे.

ए.सी.सी.ए.चे तसे नाही. ही १९०४ साली स्थापन झालेली ब्रिटिश संस्था. तिचे १३ पेपर असतात, बी.कॉम. झालेल्याला त्यांतून काही सवलत मिळते. मुंबई, पुणे, बंगळूर येथे परदेशी कंपन्यांचे हिशेब सांभाळणारी जी मोठी कार्यालये आहेत, तेथे तिला मागणी आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु भारतात लेखापरीक्षण अहवालावर सही करण्याचा अधिकार तिने मिळत नाही. परीक्षेचे आणि सभासदत्वाचे शुल्क पौंडात भरावे लागते. इंग्रजी संभाषणात तरबेज असलेल्या, घरची आर्थिक बाजू भक्कम असलेल्या शहरी मुलाला ते परवडेल. दागिना गहाण ठेवून तिच्या मागे लागणे मात्र धोक्याचे आहे.

येथे आणखी एक गफलत होते. सी.एम.ए. नावाच्या दोन पात्रता बाजारात आहेत. एक भारतीय कायद्याने स्थापन झालेली, दुसरी अमेरिकन संस्थेची. अमेरिकन परीक्षेचे दोनच भाग असल्याने क्लासवाले ती ‘झटपट सी.एम.ए.’ म्हणून खपवतात. सार्वजनिक उपक्रमाच्या जाहिरातीत सी.ए. किंवा सी.एम.ए. असे लिहिलेले असते तेव्हा तेथे भारतीय संस्थेचा सभासद अपेक्षित असतो. पैसे भरण्यापूर्वी संस्थेचे पूर्ण नाव विचारून घेतलेच पाहिजे.

सी.ए.चा दर्जा वरचा आहे यात वाद नाही. फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल असे तीन टप्पे. इंटरचे दोन्ही गट सुटल्यावर आर्टिकलशिप, जी २०२३ च्या नव्या योजनेत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. त्यानंतर सहा महिन्यांनी फायनल. प्रत्येक पेपरात ४० आणि गटात एकूण ५० टक्के गुण लागतात. उत्तरे इंग्रजीत किंवा हिंदीत लिहायची, मराठीची सोय नाही. मे २०२४ च्या फायनलला दोन्ही गट एकत्र दिलेल्यांपैकी सुमारे २० टक्के उत्तीर्ण झाले, नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे १३ टक्के. म्हणजे दहांतले आठ-नऊ जण त्या खेपेला दोन्ही गटांत यशस्वी झाले नाहीत. श्रीमंताचा मुलगा पाचव्या प्रयत्नापर्यंत घरी बसून अभ्यास करू शकतो. आपल्या मुलाला पाचव्या प्रयत्नापर्यंत कोण पोसणार?

परीक्षेइतकाच कठीण अडथळा आर्टिकलशिपचा आहे. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला आडनाव दिसत नाही, पण फर्मच्या केबिनमध्ये बसल्यावर दिसते. ही जागा कोणत्याही आरक्षणाने मिळत नाही. ती बहुधा ओळखीने, नात्यागोत्याने, काकामामाच्या शब्दाने मिळते. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या घरात वहीखाते होते, त्यांना हा काकामामा जन्मतःच मिळतो. मिळणारे विद्यावेतनही शहरातल्या खोलीभाड्याला पुरत नाही. गुणवत्तेच्या गप्पा मारणारे या गोष्टीवर कधी बोलत नाहीत.

म्हणूनच भारतीय सी.एम.ए.कडे आपल्या विद्यार्थ्यांनी अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला फाउंडेशनची गरज नाही. प्रशिक्षण १५ महिन्यांचे आणि ते कारखान्याच्या लेखा विभागातही करता येते. खासगी क्षेत्रात सी.ए.ला झुकते माप मिळते हे खरे. पण कोळसा, तेल, वीज या क्षेत्रांतील सार्वजनिक कंपन्यांच्या वित्त विभागातील पदांसाठी सी.ए. आणि सी.एम.ए. दोघांनाही अर्ज करता येतो आणि तेथे आरक्षण लागू आहे. ज्याला संविधानाने तो हक्क दिला आहे, त्याने नोकरीच्या संधी मोजताना हा हक्क हिशेबात न धरणे म्हणजे स्वतःच्याच ताळेबंदातील जमेची बाजू कोरी ठेवणे होय.

महाराष्ट्रात आणखी एक वाट आहे, तिची जाहिरात कोणताही क्लास करीत नाही. सहकार खात्यामार्फत होणारी जी.डी.सी. अँड ए. ही पदविका. पदवी, ही पदविका, लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे ज्ञान असेल तर सहकारी संस्थांचा प्रमाणित लेखापरीक्षक होता येते. पतसंस्था, दूध संस्था, गृहनिर्माण संस्था गावोगावी आहेत. वाणिज्य पदवीधराला जी.एस.टी. प्रॅक्टिशनर म्हणूनही नोंदणी करता येते. शिवाय लोकसेवा आयोगामार्फत महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा आणि लेखा व कोषागारे खात्यातील कनिष्ठ लेखापाल ही पदे आहेतच.

मग करावे काय? बी.कॉम.चा नियमित प्रवेश सोडू नये. त्याच्याच आधारावर शिष्यवृत्ती, वसतिगृह किंवा स्वाधारसारख्या योजनेचा लाभ मागता येतो. पदवीच्या तीन वर्षांत सी.ए. किंवा सी.एम.ए.ची इंटर गाठण्याचा प्रयत्न करावा. इंटर हा अर्धवट राहिलेला रस्ता नाही, अनेक सार्वजनिक कंपन्यांच्या लेखापाल पदांसाठी तेवढी पात्रता ग्राह्य धरली गेली आहे. सी.ए.च्या नव्या योजनेत इंटर, आर्टिकलशिप आणि ठरलेले अभ्यासक्रम पूर्ण करूनही फायनल न सुटलेल्याला बिझनेस अकाउंटिंग असोसिएट हे प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद आहे. सी.ए.च्या सहीची बरोबरी त्याला नाही, पण हात रिकामे राहत नाहीत. फायनलचे दोन-तीन प्रयत्न वाया गेले तर लाज न बाळगता नोकरी धरावी आणि नोकरी करीत उरलेला गट द्यावा.

हिशेबाचे शास्त्र आपल्या चळवळीला परके नाही. ‘रुपयाचा प्रश्न’ लिहिणारे बाबासाहेब १९२५ ते १९२८ या काळात मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. १९४९ साली संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षकाचे पद हे संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद असल्याचे मत मांडले. तिजोरी कशी खर्च होते हे तपासणारा माणूस किती मोलाचा, हे त्यांनी ओळखले होते. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करण्याचा नियम आहे. ती कोठे गेली हे विचारण्यासाठी मोर्चा लागतोच, पण जमाखर्च वाचू शकणारा एक माणूसही लागतो.

शेवटी समाजातील सी.ए., सी.एम.ए. झालेल्या बांधवांना सांगणे आहे. तुमच्यापैकी जे व्यवसाय करतात, त्यांना नियमानुसार ठरावीक संख्येने आर्टिकल घेता येतात. त्यांतील निदान एक जागा वस्तीतल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी राखून ठेवा. बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत निकालानंतरचा एक रविवार द्या आणि या पात्रतांतला फरक पालकांना त्यांच्या भाषेत सांगा. जयंतीच्या मंडळाला दिलेल्या वर्गणीची पावती मिळते, या कामाची मिळणार नाही. पण ज्याला काकामामा नाही, त्याचा काकामामा तुम्हालाच व्हावे लागेल.